बेट्स ते बेटकर: एका इंग्रज घराण्याची कोकणातली फांदी, कुवेतमध्ये

"कुवेतला? फिरायला?" दिवाळीच्या सुट्टीचा बेत सांगितल्यावर आमच्या खेडच्या शाळेतल्या स्टाफरूममध्ये जवळजवळ प्रत्येकीनं हेच विचारलं. त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरांतून माणसं कुवेतला कमवायला जातात, आणि परत येताना खजूर, अत्तर आणि पोटाचे विकार घेऊन येतात. फिरायला म्हणून तिकडे गेलेलं आमच्या गावातलं कोणी मला तरी माहीत नाही. मीसुद्धा खरं तर फिरायला निघाले नव्हते. मी निघाले होते माझ्या चाचांना समजवायला, आणि एका इंग्रज बाईंना भेटायला, ज्या म्हणत होत्या की त्या आमच्या नातेवाईक आहेत.

हे प्रकरण सुरू झालं झोयापासून. झोया म्हणजे माझ्या चुलतभावाची, सलीमची मुलगी. जन्म कुवेतचा, वाढ कुवेतची, कोकणी समजते सगळी पण उत्तर इंग्रजीत. कॉलेजला सुट्टी असताना तिनं मैत्रिणींबरोबर गंमत म्हणून वंशाची तपासणी करून घेतली. गालाच्या आतून कापूस फिरवायचा, नळीत घालायचा, पाठवून द्यायचा. उत्तर आलं त्यात कोकण होतं, अरबस्तान थोडंसं होतं आणि एक बारीकसा वाटा इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याचा होता. पाठोपाठ ज्यूडिथ बेट्स नावाच्या बाईंचा निरोप आला: तुमचा आणि माझा दूरचा धागा जुळतोय, तुमच्या घरात कोणी दापोलीकडचं आहे का?

आता आमचं आडनाव बेटकर. आम्ही कुठल्या तरी बेटावरून आलो असणार, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. कुठलं बेट, ते कोणी सांगत नसे. पण घरातली एक गोष्ट मला माहीत होती, अर्धवट का होईना. दापोलीला इंग्रजांचा कॅम्प होता त्या काळात आमच्या एका पूर्वज बाईनं, हलीमानं, एका गोऱ्याशी संसार केला. पुढे तो गोरा तिला आणि दोन पोरांना टाकून विलायतेला पळून गेला. गोष्ट इथं संपायची. मोठी माणसं विषय बदलायची.

ज्यूडिथ निवृत्त शिक्षिका. भूगोल शिकवायच्या. घराण्याचा शोध घेताना त्यांनी कॅनडात गेलेली फांदी शोधली, ऑस्ट्रेलियात गेलेली शोधली. हिंदुस्थानात गेलेली एकच राहिली होती. त्यांच्या भावाची तपासणी झालेली होती, आणि बापाकडून मुलाकडे जाणारी खूण पुरुषांतच मिळते. म्हणून त्यांना आमच्या घरातला पुरुष हवा होता. म्हणजे सलीम, नाही तर त्याचे वडील, माझे इब्राहिम चाचा.

चाचा नाही म्हणाले. आणि सलीम म्हणाला, "अब्बा नाही म्हणत असतील तर माझंही नाही. तू ये रुबीना. तुझं ते ऐकतात." ज्यूडिथबाईंनी तर कुवेतचं तिकीटही काढलं होतं.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी कामाचं थोडं आधी सांगते. माझा व्हिसा सलीमनं तिकडून काढला. तिथं राहणाऱ्याला आता चुलत बहिणीलाही बोलावता येतं, पण नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी विचारून घ्या. मुंबईहून थेट विमान आहे, साधारण चार तास. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुरेख असते. उन्हाळ्यात जाऊ नका, हे तिथली माणसंच सांगतात. एक दिनार म्हणजे आपले अडीचशेहून जास्त रुपये, त्यामुळे पहिले दोन दिवस प्रत्येक गोष्टीचा गुणाकार करून माणूस उपाशी राहतो. तिसऱ्या दिवशी गुणाकार सोडा. औषधं न्यायची असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. सरकारी इमारतींचे फोटो काढू नका.

सलीम महबूल्याला राहतो. समुद्राला लागून उंच इमारतींची रांग, आणि खाली सगळा आपला देश. केरळी हॉटेल, हैदराबादी बिर्याणी, बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, कोकम आणि चितळ्यांसारखी बाकरवडी. लिफ्टमध्ये एक बाई फोनवर लातूरच्या मराठीत सासूशी भांडत होत्या. मला बघून थांबल्या, मी मराठी आहे कळल्यावर निवांतपणे पुन्हा भांडायला लागल्या.

चाचा बाल्कनीत बसले होते. पंचाहत्तरी केव्हाच ओलांडलेली, गुडघे गेलेले, डोळे मात्र तसेच, घारे. घरात आम्ही आमची कोकणी बोलतो, ती इथं सोपी करून लिहिते.

"आलीस? त्या बाईची वकिली करायला आलीस ना?"

"तुम्हाला बघायला आले, चाचा."

"बघ मग. आणि जेव."

दुसऱ्या दिवशी फरहानाभाभी, सलीमची बायको, मला शहरात घेऊन गेली. बस स्वस्त आहे आणि वातानुकूलित आहे, टॅक्सीच्या वाटेला जाऊ नका. मिरकाबला उतरलो आणि चालत मुबारकिया बाजारात गेलो. जुना बाजार, वर छत, खजुरांचे डोंगर, केशर, पितळी भांडी. मासळीच्या दुकानात पापलेट पाहिलं आणि जीव भांड्यात पडला. तिथं त्याला झुबैदी म्हणतात. निवडून द्यायचं, ते भाजून देतात, सोबत गरम रोटी आणि लोणचं. आमच्या शेजारच्या टेबलावर रायगडकडची दोन माणसं बसली होती. त्यांतला एक मासा चाखून दुसऱ्याला म्हणाला, "चांगलाय. पण श्रीवर्धनचा नाही." दुसरा म्हणाला, "वीस वर्षं तू हेच बोलतोस आणि ताट पुसून खातोस."

मिरकाबच्या एका जुन्या इमारतीकडे भाभीनं बोट दाखवलं. चाचा पहिल्यांदा आले तेव्हा तिथं एका खोलीत आठ-दहा जणांत राहत. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या गलबतांची शिडं शिवत. चाचांनीही बंदरात शिडं शिवण्यापासून सुरुवात केली. गलबतांना इंजिनं लागली तसे ते तंबूंकडे वळले. इथं हिवाळ्यात कुवेती कुटुंबं वाळवंटात तंबू ठोकून राहायला जातात, आणि तो तंबू नुसता कापड आणि बांबू नसतो. आत झालर, अस्तर, खिडक्या, सगळा थाट असतो. इराकी सैन्य आलं तेव्हा चाचा सगळं सोडून गावी आले होते. परिस्थिती निवळल्यावर परत गेले आणि पुन्हा शून्यापासून दुकान उभं केलं. आज ते सलीम बघतो.

शुक्रवारी सलीमनं मला त्या तंबूंच्या बाजारात नेलं. लांबच लांब रांगेत उभे केलेले पांढरे, लाल, काळे तंबू. दुकानात एक वयस्कर कुवेती गिऱ्हाईक आलं होतं. त्यानं माझी ओळख विचारली. सलीमनं सांगितलं, अबू सलीमची, म्हणजे सलीमच्या अब्बांची, पुतणी. त्या माणसानं हात छातीवर ठेवला आणि मोडक्या हिंदीत मला म्हणाला, "तुम्हारा चाचा का तंबू, मेरा बाप बैठा, मैं बैठा, अब मेरा बेटा बैठता है।" त्या कापडाच्या ढिगांमध्ये उभं राहून मला चाचांचा अभिमान वाटला.

त्या संध्याकाळी चाचांना हे सांगितलं. ते खूश झाले, पण दाखवलं नाही. मग मीच विषय काढला.

"चाचा, एका कापसाच्या बोळ्यानं काय बिघडतं?"

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "तुला मुलींच्या शाळेत कोणी काही म्हटलं नाही, कारण तुझे डोळे काळे. मला 'गोऱ्याचा' म्हणायचे. मास्तर हजेरीला नाव पुकारायचे, आणि मागून पोरं गोऱ्याचा, गोऱ्याचा. माझ्या बापाला म्हणत, त्याच्या बापाला म्हणत. एका बाईला भोगून पळून गेलेल्या माणसाचं रक्त मिरवायला सांगतेस? त्यांच्या वंशाच्या झाडावर लटकून काय मिळणार मला?"

मी आले होते समजवायला, आणि त्यांचंच म्हणणं मला पटत होतं.

"बाई पाहुणी म्हणून येत असेल तर येऊ दे," ते शेवटी म्हणाले. "आपल्या दारात आलेलं माणूस उपाशी जात नाही. पण जेवण तेवढंच."

ज्यूडिथ आल्या त्या बारीक, उन्हानं लाल झालेल्या, डोक्याला ओढणी बांधू की नको या पेचात दारात उभ्या. झोयानं हसून त्यांना आत घेतलं. भाभीनं पापलेटाचं सांबार, म्हणजे आमचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या आणि सांदणं केली होती. ज्यूडिथनी भाकरीचा पहिला तुकडा हातानं मोडला, दुसरा चाचांकडे बघून त्यांच्यासारखा मोडला. चाचांनी ते पाहिलं. आणि आणखी एक भाकरी ज्यूडिथच्या ताटात वाढायला भाभीला खूण केली.

जेवणानंतर ज्यूडिथनी विचारलं, मी आमच्या घराण्याचं झाड दाखवू का? चाचांनी खांदे उडवले. मोठा घडीचा कागद जमिनीवर पसरला गेला. एका छोट्या किनारी गावातले बेट्स. कोणी नावाडी, कोणी दोरखंड वळणारे, आणि बरेचसे शिडं शिवणारे. एक फांदी कॅनडात गेली, तिथं आता गुरं पाळतात. एक ऑस्ट्रेलियात, तिथं एक नात आग विझवणाऱ्या दलात आहे. मी कोकणीत सांगत होते, झोया मधूनमधून सावरत होती. शिडांचं नाव निघालं तसे चाचा पुढे सरकले.

"आणि तो?" त्यांनी विचारलं. "तो कुठाय?"

झोयानं बोट ठेवलं. टॉमस बेट्स. नावाखाली दोन शब्द होते, झोयानं ते वाचले आणि बोट उचललं.

"काय लिहिलंय?"

"दादाजी, ते ओल्ड रेकॉर्ड आहे..."

"वाच."

मीच सांगितलं. अविवाहित. निपुत्रिक.

चाचांचा चेहरा असा झाला की सलीम उठून उभा राहिला. पण ते ओरडले नाहीत. ज्यूडिथकडे बघून, थांबून थांबून, मला भाषांतराला वेळ देत बोलायला लागले.

"यांना सांग, निपुत्रिक नव्हता. दोन मुलगे होते. धाकटा माझा पणजोबा. बाईचं नाव हलीमा. तिचा बाप खाडीवर शिडं शिवायचा. तो गोरा कॅम्पातल्या कोठारात नोकरीला होता, शिडाचं कापड द्यायला यायचा आणि शिडं शिवायच्या मांडवातच बसून राहायचा. सुई धरता येत होती त्याला, म्हणून हलीमाच्या बापानं बसू दिलं. शिवणं आम्हाला त्यानं शिकवलेलं नाही, ते आमचं आधीपासूनचं. तेही सांग. निकाह झाला. त्या गोऱ्याचं नाव इस्माईल ठेवलं. यांच्या कागदावर नसेल, आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं."

मी सांगत गेले. ज्यूडिथनी चष्मा काढून हातात धरला होता.

"तो गेल्यावर कॅम्पातून माणसं आली. गोऱ्याची पोरं आहेत, मुंबईला शाळेत घालतो, द्या म्हणाले. कपडे देऊ, नोकरी देऊ. हलीमानं पोरं दिली नाहीत. दोघांना घेऊन खाडीपलीकडे बापाच्या घरी निघून गेली. गावानं नावं ठेवली. तिनं शिडं शिवली. बाई शिडं शिवत नसे त्या काळी, तिनं शिवली. त्यावर दोन पोरं वाढवली. त्यातून आमचं सगळं घर. हा सलीम, ही पोर, ही मास्तरीण. यांना विचार, असं कोणी आहे का त्यांच्या कागदावर?"

मी ते विचारू की नको या विचारात होते, तेवढ्यात चाचांनीच पुढचं विचारलं. आवाज खाली आला होता.

"आणि हेही विचार. तो तिकडे परत गेल्यावर त्यानं दुसरं लग्न केलं का? कधी हिची आठवण काढली का?"

मी विचारलं. ज्यूडिथ गोंधळून माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं मी इंग्रजीत काही चुकले. मी पुन्हा विचारलं.

"पण तो परत आलाच नाही," त्या म्हणाल्या. "तापानं गेला. दापोलीतच. त्याला तिथंच पुरलंय, चर्चच्या नोंदीत आहे. आम्हाला ते नेहमीच माहीत होतं. त्याच्या आईनं त्याच्यासाठी गावच्या चर्चमध्ये दगड बसवला, अजून आहे."

मी चाचांना सांगितलं. एकदाच सांगितलं, पण त्यांनी परत सांगायला लावलं.

"म्हणजे पळून नव्हता गेला?"

"नाही, चाचा. तो तिथंच गेला."

एवढ्या पिढ्या ज्याच्या लाजेनं घरात कोणी उघड बोललं नाही, ते घडलंच नव्हतं, आणि आमच्या घराण्याला हे साधं माहीतच नव्हतं. कॅम्पातला माणूस मेला, कॅम्पातच पुरला गेला. हलीमाला ठाऊक असणार. पण गावाच्या तोंडी दुसरीच गोष्ट राहिली, आणि मागून आलेल्यांनी गावाचंच ऐकलं. आणि तिकडे एका आईनं दगड बसवला, तिला कधी कळलं नाही की तिला दोन नातू होते.

चाचा रडले नाहीत. त्यांनी पाणी मागितलं. ते पिऊन झाल्यावर म्हणाले, "माझ्या बापाला हे कळायला हवं होतं. मरेपर्यंत मान खाली घालून राहिला तो."

ज्यूडिथनी पर्समधून पेन काढलं आणि ते दोन शब्द खोडले. मग मला विचारलं, हलीमा कसं लिहायचं? चाचांनी त्यांना थांबवलं.

"नुसती बायको म्हणून त्याच्या बाजूला नको. तिच्या बापाचं नाव वर लिहा, हसन. तो शिडं शिवायचा, तेही लिहा. तिचीही फांदी आहे म्हणावं, ती यांच्या झाडात आलीय." मग सलीमला म्हणाले, "तो कापूस कुठाय? आण."

सलीम म्हणाला, "मी देतो अब्बा, तुम्ही कशाला."

"मी देणार. गोऱ्याचा मला म्हणायचे."

उरलेले दिवस खरोखर सहलीचे झाले. ज्यूडिथना घेऊन आम्ही समुद्रकाठच्या निळ्या गोल मनोऱ्यांवर गेलो. वरून खाडीचा पूर्ण वळसा दिसतो. तिकीट काढून जाच, संध्याकाळच्या आधी. हवल्लीतल्या एका छोट्या हॉटेलात फलाफल खाल्लं, ते मुबारकियापेक्षा स्वस्त आणि माझ्या मते चांगलं. शेवटी मासळी बाजाराच्या मागच्या बंदरावर गेलो, तिथं लाकडी गलबतं अजून उभी असतात. चाचा गुडघे धरत, आमच्या खांद्यांवर हात ठेवत आले. एका गलबताकडे बोट दाखवून ज्यूडिथना सांगायला लागले, शीड कुठून कसं वर जायचं, वारा कुठून धरायचा, कुठली शिवण आधी फाटते. मी भाषांतर करायला तोंड उघडलं तर ज्यूडिथ म्हणाल्या, थांबा, मला कळतंय. त्यांच्या आजोबांच्या शिडांच्या कार्यशाळेत त्या लहानपणी खेळायच्या. मग त्या इंग्रजीत आणि चाचा कोकणीत, बोटांनी हवेत शिवणी काढत, बराच वेळ बोलत होते. झोया माझ्या कानाशी म्हणाली, "आत्या, आय हॅव नेव्हर सीन हिम टॉक लाइक धिस." मी म्हटलं, मीसुद्धा नाही.

परत येताना विमानात मी विचार करत होते की मला नक्की कशाचा अभिमान वाटतोय. गोऱ्या रक्ताचा नाही. आमच्या नात्यात काहींना बातमी कळल्यावर तोच वाटला, आणि एका मावशीनं तर लग्नाच्या स्थळांत हे सांगायला काय हरकत आहे असंही विचारलं. मला अभिमान आहे तो पोरं न देणाऱ्या बाईचा. आणि घर सोडून गेलेल्या सगळ्यांचा थोडा थोडा. टॉमस कोकणात आला, त्याची भावंडं बर्फात आणि वाळवंटात गेली, माझे चाचा मिरकाबच्या त्या खोलीत राहिले. प्रत्येकाच्या मागे कोणी तरी वाट बघत होतं.

तपासणीचं उत्तर मी घरी आल्यावर काही आठवड्यांनी आलं. जुळलं. बेटकर हे नाव बेट्सवरून पडलं की खरोखरच्या कुठल्या बेटावरून, ते मात्र कोणीच सांगू शकत नाही, आणि चाचा म्हणतात, इंग्लंडही बेटच आहे, तेव्हा वाद कशाला.

नवीन झाड ज्यूडिथनी सगळ्या फांद्यांना पाठवलं. मागच्या रविवारी सगळ्यांचा एकत्र व्हिडिओ कॉल झाला. कॅनडात पहाट होती, एक गृहस्थ गोठ्यातूनच बोलत होते. ऑस्ट्रेलियातली आग विझवणारी मुलगी कामावरून नुकतीच आली होती. ज्यूडिथ त्यांच्या स्वयंपाकघरात. महबूल्यात चाचा मधोमध, इस्त्रीचा सदरा घालून. मी खेडला, ओट्यावर फोन टेकवून. कॅनडावाल्यांनी सगळ्यांच्या वतीनं विचारलं, त्या बाईंचं नाव आम्ही नीट म्हणतोय का? आणि त्यांनी ते म्हटलं. नीट नव्हतं.

चाचा पुढे झुकले. "ह-ली-मा," ते म्हणाले. "ली लांब. मा लांब. घाई नको. पुन्हा म्हणा."

आणि तीन देशांतल्या बेट्स लोकांनी, एकेक करून, ते पुन्हा म्हटलं.